वाचकांचे प्रश्न : गोशाळेला पुरणपोळी नको, कडबा द्या

प्रश्न : अक्कलकोट रस्त्यावर आमचा यंत्रमागाचा कारखाना आहे. डागाळलेल्या, विणीत चूक राहिलेल्या चादरी आणि टॉवेल साठतात. भटक्या कुत्र्यांवर उपचार करणाऱ्या संस्थेला दिले तर चालतील का? – एक कारखानदार, सोलापूर

उत्तर : चादरी जरूर द्या, टॉवेल मात्र विचारून. टर्किश टॉवेलच्या फाशांत कुत्र्याची नखं अडकतात, धागा निघतो आणि पिल्लू किंवा मांजर तो गिळतं. धाग्याचं एक टोक जिभेखाली अडकून दुसरं आतड्यात उतरलं, की नाडी ओढलेल्या परकरासारखं आतडं गोळा होतं. मग पोट उघडण्यावाचून इलाज नसतो. म्हणून टॉवेल अंग पुसायला, पिंजऱ्यात अंथरायला नाही.

चादरीचं दुखणं वेगळं. सोलापुरी चादर भिजली की एकट्या माणसाला पिळवत नाही आणि पावसाळ्यात दोन-दोन दिवस वाळत नाही. संस्थेत माणसं मोजकी, धुणं रोजचं. ६० बाय ९० इंचांच्या चादरीचे ३० बाय ४५ चे चार तुकडे करा, मध्यम कुत्र्याला तेवढं अंथरूण पुरतं. कापलेली कड उसवते, तेव्हा ओव्हरलॉक मारूनच द्या. चादरीच्या टोकांच्या दशा आधीच छाटा, त्याही गिळल्या जातात. तुमच्याकडे शिलाईला माणूस आहे, त्यांच्याकडे नाही.

घरातली जुनी अंथरुणं देणाऱ्यांनाही सांगायला हवं : पार्व्होनं, म्हणजे कुत्र्यांच्या जीवघेण्या जुलाब-उलट्यांच्या साथरोगानं, कुत्रं गेलेल्या घरातलं कापड देऊ नका. तो विषाणू कित्येक महिने तग धरतो, नुसत्या साबणानं मरत नाही.

प्रश्न : वडिलांच्या श्राद्धाला आम्ही दरवर्षी गोशाळेत पुरणपोळ्या आणि भिजवलेली ज्वारी घालतो. यंदा तिथल्या कामगारांनी अडवलं. मनाला लागलं. – एक वाचक, जुळे सोलापूर

उत्तर : लागलं असेल, पण त्यांचं बरोबर आहे. गाईच्या कोठीपोटातले (पोटाच्या पहिल्या, मोठ्या कप्प्यातले) जंतू चाऱ्याला सरावलेले असतात. त्यात एकदम पुरण, गूळ, धान्य पडलं की लॅक्टिक आम्ल भराभर तयार होतं. रवंथ थांबतो, शेण पातळ आणि आंबूस होतं, आणि जास्त खाल्लेलं जनावर दिवसभरात बसतं. तुमच्या चार पोळ्यांनी हे होत नाही. पण पितृपक्षात एकाच दिवशी दहा-पंधरा घरांची ताटं येतात आणि दांडगी गाय सगळ्यांचं खाते. नैवेद्याचा एक घास पुरे.

बाकीच्या पैशांचा कडबा घ्या, तोही श्राद्धाच्या दिवशी नव्हे. शाळू, म्हणजे रब्बी ज्वारी, फेब्रुवारी-मार्चमध्ये निघतो, तेव्हा कडबा मुबलक आणि स्वस्त असतो. मे-जूनमध्ये तेवढ्याच पैशांत पेंढ्या कमी येतात. ३०० किलो वजनाच्या गाईला रोज साधारण ७ ते ९ किलो सुका चारा लागतो, म्हणजे १० गाईंचा दिवस ८० किलोंच्या आसपास. त्या हिशेबानं वडिलांच्या नावे किती दिवस घ्यायचे ते ठरवा. गोशाळेत चारा बारीक कापणारं कुट्टी यंत्र नसेल तर आधी त्याला हातभार लावा, कारण अख्ख्या पेंढीतली जाड ताटं जनावरं सोडून देतात. काळी बुरशी धरलेली पेंढी फुकट मिळाली तरी घेऊ नका. आणि पुण्य म्हणून कोवळी हिरवी ज्वारी तर मुळीच उतरवू नका. पाण्याचा ताण बसलेल्या गुडघाभर ज्वारीतून जनावराच्या पोटात सायनाइड तयार होतं आणि ते काही मिनिटांत दगावू शकतं.

प्रश्न : देणगीवर कर वाचतो का? – होटगी रस्त्यावरील एक निवृत्त शिक्षिका

उत्तर : जुनी करप्रणाली निवडली असेल तरच, आणि संस्थेची देणगीवर करसवलत देणारी, ८०जी नावानं ओळखली जाणारी मंजुरी चालू असेल तर. या मंजुरीला मुदत असते, तारीख बघून घ्या. रोख २००० रुपयांपेक्षा जास्त दिलं तर वजावट नाही, त्यामुळे धनादेश किंवा यूपीआय बरं. वस्तूंवर वजावट नाहीच, म्हणजे वरच्या चादरी आणि कडबा यांवरही नाही. नुसती पावती पुरत नाही. संस्थेनं तुमच्या पॅनसह तपशील आयकर खात्याला कळवल्यावर निघणारं प्रमाणपत्र मागून घ्या. देताना ‘चालू खर्चासाठी’ असं लिहा. ‘कायम निधी’ लिहिलंत तर मूळ रक्कम बँकेत राहते आणि औषधाला फक्त व्याज उरतं. संस्था धर्मादाय आयुक्तांकडे नोंदलेली असेल तर तिचे लेखापरीक्षित हिशेब बघायला मागा. जी दाखवायला कुरकुरते, तिच्याबद्दल आमचं मत वेगळं सांगायला नको.

प्रश्न : मुलगी सुट्टीत अशा संस्थेत कामाला जाणार आहे. काय काळजी घ्यावी? – एक पालक

उत्तर : आधी रेबीजची लस, कुत्रं चावण्याची वाट न बघता. पहिली मात्रा, तिच्यानंतर ७ दिवसांनी दुसरी आणि पहिलीनंतर २१ किंवा २८ दिवसांनी तिसरी अशा तीन मात्रा असतात, म्हणजे सुट्टी लागायच्या महिनाभर आधी सुरुवात करायला हवी. तरीही कुत्रं चावलं तर जखम वाहत्या पाण्याखाली साबणानं १५ मिनिटं धुऊन लगेच दवाखाना गाठावा आणि आधीच्या तीन मात्रांचं कार्ड दाखवावं. ते असेल तर दोनच मात्रा लागतात, त्या दिवशी आणि त्यानंतर तीन दिवसांनी. जखमेत सीरम (रेबीजविरोधी तयार प्रतिपिंडं) टोचावं लागत नाही. कार्डाचा फोटो मोबाइलमध्ये ठेवायला सांगा.