उनोवर चालणारा मोटरचा कंट्रोलर नव्या चिपवर न्यावा का?

तुमचा प्रश्न असा, की शिरोळच्या उसात अर्दुइनो उनो या छोट्या प्रोग्रॅम करायच्या बोर्डावर केलेला मोटर कंट्रोलर नीट चालतोय, तर आता त्याचाच नवा उनो आर४ घ्यावा की रास्पबेरी पायचा पिको २ बोर्ड.

चालत्या बोर्डाला हात लावू नका. दुसरा नवा करणार असाल तर जरूर नव्या चिपवर करा, पण मेगाहर्ट्झ, म्हणजे चिपचा वेग, बघून नको. मोटर चालू-बंद करायला जुने १६ सुद्धा लई झाले. जुन्या उनोवरच्या ३२८पी चिपची खरी अडचण २ केबी रॅम, म्हणजे चालू कामाची मेमरी. डिस्प्ले, सिमकार्डवर चालणारं जीएसएम मॉड्यूल आणि मोठे मेसेज एकत्र आले की ती संपते आणि बोर्ड मधेच येड्यासारखं वागतं. तिथवर आला असाल तरच पुढचा खर्च.

मी गोकुळ शिरगावला पॅनेल वायरिंग करतो, त्यामुळं आधी बघतो ती पिन, म्हणजे वायर जोडायची जागा. आर४ ५ व्होल्टचाच, आकारही तोच. पण जुनी पिन २० मिलिअँपिअर आरामात द्यायची, याची मर्यादा ८. २२० ओहमचा रेझिस्टर लावलेला साधा लाल एलईडीसुद्धा १३-१४ ओढतो! तिथं ४७० लावा, बझरला मधे बीसी५४७ ट्रान्झिस्टर घाला. एव्हीआरचे, म्हणजे जुन्या चिपच्या जातीचे, टाइमर रजिस्टर थेट वापरणाऱ्या लायब्रऱ्या (तयार कोड) आर४ वर कंपाइलच होत नाहीत, कारण आत रेनेसास कंपनीची वेगळी चिप आहे.

पिको २ ला ५२० केबी रॅम, पण सगळं काम ३.३ व्होल्टवर. अल्ट्रासॉनिक सेन्सरचा एको सिग्नल ५ व्होल्टचा येतो, तो कमी करायला १के-२के रेझिस्टरचा डिव्हायडर लावा. शिवाय २०२४ साली आलेल्या पहिल्या आरपी२३५० (पिको २ वरच्या) चिपांत ई९ नावाचा दोष आहे: आतला पुल-डाउन (पिन शून्याकडे ओढणारा रेझिस्टर) लावलेली पिन एकदा हाय झाली की २ व्होल्टच्या आसपास अडकून बसते. टाकीतला फ्लोट स्विच (पाण्याच्या पातळीवर चालू-बंद होणारा) तसा जोडलात तर टाकी रिकामी झाली तरी बोर्डाच्या लेखी भरलेलीच, आणि मोटर काही सुरू होत नाही. फ्लोट ग्राउंडला जोडून पुल-अप (पिन वर ओढणारा रेझिस्टर) वापरा, विषय संपला. पुढच्या ए४ आवृत्तीत हे दुरुस्त झालंय, पण दुकानदाराच्या डब्यातला माल कुठला, हे त्याला विचारून उपयोग नाही.

जुन्या उनोची मोठी चिप सॉकेटमधून काढून दुसरी बसवता येते. नव्या बोर्डांवर ती सोल्डर केलेली असते. म्हणून घेताना दोन घ्या आणि दुसऱ्यात प्रोग्रॅम टाकून तो स्टार्टरच्या पेटीतच ठेवा. लाईट रात्रीची असते, तेव्हा लॅपटॉप घेऊन कोण जाणार रानात?