शब्दशंका : ‘धामधुमीचा काळ’

प्रश्न : गोव्याच्या इतिहासावरील एका लेखात १६८३ हे वर्ष ‘धामधुमीचे’ होते असे वाचले. आमच्याकडे धामधूम असते ती चवथीची, नाहीतर लग्नाची. युद्धाच्या काळाला हा शब्द चालतो का?
– एक वाचक, डिचोली

उत्तर : चालतो, आणि नेमका बसतो. धावपळ, गडबड, गलबला हा या शब्दाचा गाभा आहे. ती गडबड आनंदाची की संकटाची, हे संदर्भावरून ठरते. मराठेशाहीतील पत्रव्यवहारात परचक्र येऊन मुलूख मारला जाऊ लागला, रयत परागंदा झाली, वसूल थांबला, की त्या अवस्थेला धामधूम म्हणत. लढाई फौजांची असते, धामधूम मुलखाची. त्यामुळे चकमक दोन घटकांत आटोपली तरी गावांच्या वाट्याला आलेली धामधूम महिनोन्महिने सरत नसे.

तुम्ही वाचलेले वर्षच घ्या. पोर्तुगीज विजरई (व्हाइसरॉय) फ्रांसिस्को द ताव्होरा याने फोंड्याच्या किल्ल्याला वेढा घातला, संभाजी महाराज चालून येताच त्याला माघार घ्यावी लागली, नोव्हेंबरात मराठ्यांनी जुवे बेटावरील किल्ला घेतला, डिसेंबरात त्यांच्या फौजा सासष्टी आणि बारदेशात शिरल्या, आणि जानेवारी १६८४ मध्ये औरंगजेबाचा मुलगा शहाआलम मोगल सैन्यासह येऊन ठेपल्यावर त्यांना परतावे लागले. या सलग अस्थिरतेला ‘लढाई’ हा शब्द तोकडा पडतो आणि ‘मोहीम’ एकतर्फी होतो. मोहीम दसऱ्याला सीमोल्लंघन करून निघे व पावसाळा तोंडावर आला की फौज छावणीला जाई. तिला काढणारा कोणी असतो, धामधुमीला धनी नसतो.

आजच्या लेखनात मात्र नुसते ‘धामधुमीत’ लिहिल्यास वाचकाला सनई ऐकू येण्याचा संभव आहे, म्हणून ‘धामधुमीचा काळ’ किंवा ‘स्वारीची धामधूम’ असे लिहावे. ‘रणधुमाळी’च्या वाटेला जाऊ नये; तो शब्द निवडणुकांनी कधीच बळकावला आहे. डिसेंबर १९६१ मधील गोवामुक्तीच्या लष्करी कारवाईला धामधुमीचा काळ म्हणणे मला ओढूनताणून वाटते, कारण ती दोन दिवसांतच संपली. आणखी एक : मूळ शब्दात ‘धू’ दीर्घ असला तरी सामान्यरूपात तो ऱ्हस्व होतो, तेव्हा सर्रास छापले जाणारे ‘धामधूमीत’ हे रूप अशुद्ध समजावे.