‘पाचशे रुपये तरी टाका’ हे ऐकणाऱ्याला

अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र मिळालं. २०१९ च्या ऑगस्टनंतर तुझ्या कर्जाचा एकही हप्ता गेला नाही, मधली वर्षं कुणी विचारलं नाही आणि आता अचानक रोज चार फोन. माणूस बँकेचं नाव घेतो, स्वतःचं सांगत नाही. ‘पोलीस घेऊन येतो’ म्हणतो. वसुली विभागात मी अकरा वर्षं काढली, त्यामुळे ही भाषा मला पाठ आहे. आधी आवाज चढतो, मग एकदम मऊ होतो: ‘साहेब, निदान पाचशे रुपये तरी टाका, तुमची फाइल मी थांबवतो.’ मला काळजी धमकीची नाही, या मऊ आवाजाची वाटते.

पैशांच्या वसुलीचा दावा लावायला मुदत कायदा, १९६३ प्रमाणे साधारण तीन वर्षं मिळतात. या तीन वर्षांत तू कर्ज लेखी कबूल करून सही दिलीस, किंवा थोडी रक्कम भरून तसं सहीनिशी लिहून दिलंस, तर त्या दिवसापासून तीन वर्षं नव्याने मोजली जातात. मुदत उलटून गेल्यावर नुसत्या कबुलीने ती परत उभी राहत नाही. पण ‘हे देणं मी फेडीन’ असं लिहून सही केलीस, तर करार कायदा, १८७२ च्या कलम २५ मुळे तो नवा करारच होतो. म्हणून ती पाचशेची पावती आणि तिच्या मागे निमूट सरकवलेला ‘साधा फॉर्म’, दोन्ही साधे नसतात.

तुझ्या बाबतीत बोटं मोजून २०२२ म्हणू नकोस. कोविडमुळे १५ मार्च २०२० ते २८ फेब्रुवारी २०२२ हा काळ सर्वोच्च न्यायालयाने मुदतीच्या हिशेबातून वगळला होता. तो धरला तर मुदत २०२४ पर्यंत लांबते. शिवाय बँकेने पूर्ण कर्ज परत कधी मागितलं आणि मधल्या काळात तू कुठे सही केलीस, यावरही तारीख सरकते. पक्की तारीख वकिलाकडून काढून घे. त्याआधी ई-कोर्ट्सच्या साइटवर स्वतःच्या नावाने शोध घे. दावा आधीच लागून हुकूमनामा (पैसे भरायचा कोर्टाचा आदेश) झाला असेल तर सगळं गणित बदलतं, कारण त्याच्या अंमलबजावणीला बारा वर्षं असतात. (घर गहाण असतं तर नियमच वेगळे होते. तुझं विनातारण कर्ज आहे, ते एक बरं.)

मुदत संपली तरी देणं संपत नाही, फक्त कोर्टाचा दरवाजा बंद होतो. ‘राइट ऑफ’चंही तसंच. बँकेने आपल्या पुस्तकातून रक्कम काढली याचा अर्थ तुला माफ केली असा होत नाही. पैसे घेतले होतेस आणि आज ऐपत आहे, तर फेडावेत असंच माझं मत आहे. पण कुणाला, किती आणि कोणत्या कागदावर, हे आधी ठरू दे.

आता कामाचं. फोनवर एवढंच म्हण: ‘मला लेखी पाठवा.’ मग तू स्वतः बँकेच्या शाखेला ईमेल कर. विचार की खातं आज कुणाकडे आहे, बँकेकडेच की एखाद्या मालमत्ता पुनर्रचना कंपनीला (बुडीत कर्जं विकत घेणारी कंपनी) विकलंय? विकलं असेल तर तसा कागद माग. वसुली एजन्सीचं नाव, नेमणुकीचं पत्र आणि मुद्दल, व्याज, दंड वेगळं दाखवणारा खातेउताराही माग. पत्रात ‘माझं कर्ज’ लिहू नकोस, ‘आपण उल्लेख केलेली कथित थकबाकी’ असं लिही. वर ‘माझे सर्व हक्क अबाधित राखून’ ही ओळ घाल. लोक हसतात या भाषेला, पण कोर्टात हीच ओळ वाचली जाते. सिबिलचा, म्हणजे तुझ्या कर्जांच्या नोंदींचा, अहवालही काढ, वर्षातून एकदा फुकट मिळतो. त्यात कर्ज कुणाच्या नावावर दिसतं ते बघ.

रोख एक रुपयाही देऊ नकोस. माझ्या टेबलासमोर एक निवृत्त गृहस्थ बसले होते. हातात पिवळी पावती, वर एजन्सीचा शिक्का, बँकेचं नाव कुठेच नाही. तीन वेळा रोख भरले होते. खात्यात काहीच जमा नव्हतं आणि तो एजंट केव्हाच काम सोडून गेला होता. ते काही बोलले नाहीत, पावतीची घडी घालत राहिले. पैसे भरायचेच तर कर्जखात्यातच.

पोलिसांचं भय काढून टाक. कर्ज थकणं हा दिवाणी मामला आहे. एक मात्र आठवून बघ, कर्ज घेताना सही केलेले कोरे चेक दिले होतेस का? त्यावर आजची तारीख घालून कुणी भरला आणि तो परत गेला, तर चेक न वटल्याबद्दलची कलम १३८ ची नोटीस येऊ शकते, आणि तो मात्र फौजदारी मामला असतो. दिले असतील तर वकिलाला पहिल्याच भेटीत सांग. लोकअदालतीची नोटीस आली तर घाबरू नकोस, ते तडजोडीचं बोलावणं असतं. पण तिथल्या तडजोडीवर सही केली की तो हुकूमनामा, त्यावर अपील नाही.

रिझर्व्ह बँकेच्या नियमांप्रमाणे वसुलीचा फोन सकाळी आठच्या आधी आणि संध्याकाळी सातनंतर करता येत नाही. शिवीगाळ, धमकी, नातेवाइकांत बदनामी यालाही मनाई आहे. एका वहीत तारीख, वेळ, नंबर आणि बोललेले शब्द जसेच्या तसे लिही. आधी बँकेकडे तक्रार कर. तीस दिवसांत उत्तर आलं नाही किंवा पटलं नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जा, तिथे फी नाही.

तडजोडीची रक्कम पहिल्या फोनवर ठरत नाही. एजंटला वसुलीवर कमिशन असतं आणि मार्च जवळ आला की आकडे खाली येतात, हे मी आतून पाहिलंय. पत्र बँकेच्या लेटरहेडवर, पूर्ण आणि अंतिम असं लिहिलेलं हवं, मगच पैसे. सिबिलवर ‘सेटल्ड’ (तडजोडीत मिटवलं) दिसेल, ‘क्लोज्ड’ (पूर्ण फेडलं) नाही, आणि तो डाग काही वर्षं राहील. म्हणून पूर्ण भरणं जमत असेल तर त्याचा विचार कर.

आणि तुझा तो जामीनदार मित्र. कायद्याने तो तुझ्याइतकाच जबाबदार आहे, त्याला फोन जाणारच. तुझ्याआधी त्या फोनवाल्याने त्याला गाठू नये. आज संध्याकाळी तूच त्याला भेट.

पत्राचा मसुदा कर आणि मला दाखव. तोवर सही कशावरच नको.

तुझा,
काका