चार फुटी पॅसेजमध्ये, दारापाशी बसून बूट घालता येतील असं चपलांचं लाकडी बाकडं कसं बनवावं? (ठाणे)

माप असं धरा: लांबी 36, खोली 14, उंची 18 इंच. चालायला साधारण 34 इंच उरतात, पुरतात. खोली 12 वर आणलीत तर पुरुषांचे बूट बाहेर डोकावतात.

खोक्याला 18 मिमी बीडब्ल्यूपी (उकळत्या पाण्यातही न सुटणारा) प्लाय घ्या, आयएस 710 शिक्का बघून. 8×4 फुटी शीटची अर्धी पुरते. मागे 6 मिमी. मधोमध उभी फळी हवीच, नाहीतर माणूस बसला की वरची फळी लवते. वर-खाली दोन कप्पे, प्रत्येकी साधारण साडेपाच इंच उंच, मिळून आठ जोड. पाय 4 इंच ठेवा: खाली पोछा फिरतो आणि पावसाळ्यात ओल्या चपलांचा ट्रे सरकतो. पायांना नायलॉनचे बूच ठोका. दारं लावू नका. जून ते सप्टेंबर बंद कप्प्यात बुरशी ठरलेली.

खरी गोम बैठकीच्या फळीत आहे. एक इंची सागवान 14 इंच रुंदीत ऋतूप्रमाणे 2-3 मिमी फुगतं-आकसतं, खालचा प्लाय मात्र जागचा हलत नाही. फळी फेविकॉल लावून पक्की केली की हिवाळ्यात तडा. म्हणून खालून फक्त स्क्रू. प्लायमधली पुढच्या रांगेची भोकं गोल, मागची पुढे-मागे लांबट. सुतार "काही होत नाही" म्हणेल, ऐकू नका.

भर पावसात मेलामाईन पॉलिश मारू नका, पांढरट पडतं. कोरड्या दिवसांत पीयू (पॉलियुरेथेन) पॉलिश मारा, फळीच्या खालच्या बाजूलाही, नाहीतर ती वाकते. भिंतीपासून अर्धा इंच लांब ठेवा.