स्वतंत्र रॉक बँडचे नवे अल्बम ऐकण्यासारखे आहेत का?

गेल्या तीन-चार वर्षांत स्वतंत्र रॉक बँडचे जे अल्बम आले त्यांतले कोणते ऐकावेत, आणि 'रॉकमध्ये आता नवे काही उरलेले नाही' हे मित्राचे म्हणणे कितपत खरे आहे, असे आपण विचारले आहे. मित्राचे म्हणणे मला पटत नाही. पण ते खोडून काढण्यासाठी वीस नावांची यादी देणेही मला बरे वाटत नाही, कारण तशी यादी कोणालाही दोन मिनिटांत जमवता येते आणि त्या अल्बममध्ये नेमके काय ऐकायचे हे तिच्यातून काही कळत नाही. म्हणून मी स्वतः पुन्हा पुन्हा ऐकलेल्या मोजक्या अल्बमविषयीच लिहिते. त्यांना जोडणारा एक धागा आहे. त्यांपैकी तीन बँडमधून गेल्या काही वर्षांत एक-एक माणूस निघून गेला, आणि त्याच्यामागे उरलेल्यांनी काय केले, हे त्या अल्बममध्ये स्वच्छ ऐकू येते.

'स्वतंत्र' हा शब्द मी ढोबळ अर्थाने वापरते आहे. युनिव्हर्सल, सोनी आणि वॉर्नर या तीन मोठ्या कंपन्यांऐवजी निंजा ट्यून, फोर ए डी, पार्टिझन, एक्स एल अशा लेबलांकडून ज्यांचे संगीत निघते, ते बँड.

माणूस जाण्याचा मुद्दा मला का महत्त्वाचा वाटतो, ते आधी सांगते. आमच्या भजनी मंडळात मी पेटी वाजवते. दोन वर्षांपूर्वी आमचे तबलजी काका मुलाकडे राहायला नाशिकला गेले. त्यांच्या जागी आलेला मुलगा हाताने त्यांच्यापेक्षा कितीतरी तयार होता, तरीही पहिले दोन महिने आमचा प्रत्येक अभंग शेवटाकडे धावत सुटायचा. काका फक्त ठेका देतात, अशी आमची समजूत होती. प्रत्यक्षात आम्हा बायकांची लय वाढू लागली की डग्ग्यावर एक जड थाप देऊन ते सगळ्यांना मागे ओढत असत, हे ते गेल्यावरच लक्षात आले. मराठी नाटकवाले 'रिप्लेसमेंट' हा शब्द सर्रास वापरतात, आणि नाटकात ती बऱ्याचदा निभावतेही, कारण संहिता कागदावर असते. बँडची संहिता बहुतांशी त्या माणसांच्या सवयींत असते.

आता लंडनच्या 'ब्लॅक कंट्री, न्यू रोड' या बँडकडे येते. हा मूळचा सात जणांचा बँड. गिटार, बास, कीबोर्ड आणि ड्रम्स यांच्या जोडीला सॅक्सोफोन आणि व्हायोलिन, आणि सर्वांच्या पुढे आयझॅक वुड हा गायक. त्याचा आवाज गाणाऱ्याचा कमी आणि दारात उभे राहून काकुळतीने काहीतरी पटवून देणाऱ्या माणसाचा जास्त वाटतो. इंग्लंडच्या दक्षिणेकडील आइल ऑफ वाइट या बेटावर ध्वनिमुद्रित केलेला त्यांचा दुसरा अल्बम, 'अँट्स फ्रॉम अप देअर', 4 फेब्रुवारी 2022 रोजी निघाला. त्याच्या चारच दिवस आधी, 31 जानेवारीला, आपण बँड सोडत असल्याचे वुडने जाहीर केले होते. दुःखाच्या आणि भीतीच्या भावनेमुळे गिटार वाजवणे आणि गाणे एकाच वेळी करणे आपल्याला कठीण जाते, असे त्याने अगदी साध्या शब्दांत लिहिले होते. त्यामुळे हा अल्बम लोकांच्या हाती पडला तोच निरोपाचा अल्बम म्हणून, जरी तो करताना तसा हेतू नसावा.

माझ्या मते गेल्या दहा वर्षांतल्या रॉक अल्बममध्ये याची जागा फार वरची आहे. त्यातल्या अनेक गाण्यांत कॉन्कॉर्ड विमानाची प्रतिमा पुन्हा पुन्हा येते. ब्रिटन आणि फ्रान्सने अफाट खर्च करून बनवलेले, 1976 ते 2003 या काळात प्रवासी घेऊन उडालेले आणि घातलेला पैसा कधीच वसूल न झालेले ते विमान. बुडणारे आहे हे कळत असूनही ज्यात आणखी जीव ओतत राहावे, अशा प्रेमासाठी ही प्रतिमा मला कोणत्याही फुला-चंद्रापेक्षा अधिक खरी वाटते. मात्र अल्बमचा खरा कस मला 'स्नो ग्लोब्स' या नऊ मिनिटांच्या गाण्यात लागलेला दिसतो. सुरुवातीला एकच छोटी धून संथपणे फिरत राहते, एकेक वाद्य तिच्यात मिसळते आणि बराच वेळ काहीच घडत नाही. मग वुड गाऊ लागतो आणि ड्रमर चार्ली वेन त्या लयीतून सुटतो. तबल्याच्या लग्गीत वादक कितीही दूर गेला तरी समेवर परत येणार याची आपल्याला खात्री असते. येथे ती खात्रीच काढून घेतलेली आहे. बाकीचे सगळे आपल्या विलंबित चालीत शांतपणे चालत आहेत आणि हा एकटा वादळात सापडल्यासारखा वाजवतो आहे, गायकाचा आवाज त्याखाली अर्धा बुडाला आहे, आणि तरीही कोणी कोणासाठी थांबत नाही. पहिल्यांदा ऐकताना मला वाटले की दोन वेगवेगळी गाणी चुकून एकावर एक लागली आहेत. तिसऱ्या वेळी कळले की धून आणि ड्रम्स यांच्यातले ते अंतर म्हणजेच गाणे आहे.

वुड गेल्यावर उरलेल्या सहा जणांनी एक निर्णय घेतला: त्याने गायलेली गाणी यापुढे वाजवायची नाहीत. ज्या अल्बममुळे जगभर नाव झाले त्यातले एकही गाणे मंचावर न म्हणता, ठरलेल्या कार्यक्रमांसाठी काही महिन्यांत सगळीच गाणी नवी बांधायची, हा आर्थिकदृष्ट्या जवळपास वेडेपणा होता. ती नवी गाणी त्यांनी डिसेंबर 2022 मध्ये लंडनच्या बुश हॉलमध्ये सादर केली आणि 2023 मध्ये तेच ध्वनिमुद्रण 'लाइव्ह ॲट बुश हॉल' या नावाने काढले. त्या कार्यक्रमांना त्यांनी हौशी नाटकांचे रूप दिले होते, घरगुती नेपथ्य आणि वेशभूषेसह. कोणाची रिप्लेसमेंट करण्याऐवजी त्यांनी नाटकच बदलले.

एप्रिल 2025 मध्ये आलेला 'फॉरएव्हर हाउलाँग' हा त्या निर्णयाचा स्टुडिओतला पहिला हिशेब आहे. आता टायलर हाइड, जॉर्जिया एलरी आणि मे कर्शॉ या तिघी आळीपाळीने गातात, आणि 'मेरी' या गाण्यात तिघी एकत्र. शीर्षकगीतात इंग्लंडमधल्या शाळांत मुलांना शिकवतात ते रेकॉर्डर नावाचे बासरीवजा वाद्य बँडमधल्या मंडळींनी मिळून वाजवले आहे, आणि शाळेच्या स्नेहसंमेलनातला तो किंचित कापरा सूर त्यांनी मुद्दाम तसाच राहू दिला आहे. मला हा अल्बम आवडतो, पण त्याच्याविषयी माझी एक तक्रार आहे. तीन गायिकांना समान वाटा देण्याच्या नादात तो जरा जास्तच शहाण्यासारखा वागतो. मागच्या अल्बममध्ये पुढच्या क्षणी सगळे कोसळेल अशी धास्ती सतत होती. येथे प्रत्येक वाद्य आपल्या खुर्चीवर नीट बसलेले आहे. 'नॅन्सी ट्राइज टू टेक द नाइट' हे टायलर हाइडचे गाणे त्याला अपवाद आहे. त्यात गिटारची बोटे एकदा धावू लागली की त्या धावण्याचे काय करायचे, हे गाण्यालाच शेवटपर्यंत ठरवता येत नाही, आणि तीच त्याची गंमत आहे.

अमेरिकेच्या 'बिग थीफ'ची गोष्ट वेगळी आहे. त्यांचा बास वाजवणारा मॅक्स ओलिआर्चिक जुलै 2024 मध्ये बँडमधून बाहेर पडला आणि चौघांचे तिघे झाले. एड्रियन लेन्कर ही त्यांची गायिका आणि गीतकार. 2022 मध्ये आलेला त्यांचा वीस गाण्यांचा अल्बम चार निरनिराळ्या ठिकाणी राहून केलेला होता आणि चार माणसे एका खोलीत बसली आहेत, कोणीतरी खुर्ची सरकवते आहे, असा भास त्यात अधूनमधून होत असे. सप्टेंबर 2025 मध्ये आलेल्या 'डबल इन्फिनिटी'साठी त्यांनी उलटा मार्ग घेतला. एका माणसाची जागा भरण्यासाठी त्यांनी न्यूयॉर्कच्या स्टुडिओत बरेच पाहुणे वादक बोलावले आणि सगळ्यांनी एकत्र बसून वाजवले. त्यांत लाराजी हे ज्येष्ठ वादकही होते. त्यांचे झिदर हे वाद्य आपल्या स्वरमंडलाच्या कुळातले. 'ग्रँडमदर' या गाण्यात त्यांचा आवाजही आहे.

परिणाम ऐकायला सुखद आहे, परंतु मला समाधान वाटले नाही. 'इन्कॉम्प्रिहेन्सिबल' हे पहिले गाणे लेन्करच्या उत्तम गाण्यांत बसावे असे आहे. वय वाढण्याविषयी, रुपेरी होत चाललेल्या केसांविषयी इतक्या आनंदाने क्वचितच कोणी गायले असेल. पुढे मात्र नऊ गाण्यांच्या या अल्बमवर एक प्रकारचे उबदार धुके पसरते. 'हॅपी विथ यू'मध्ये दोन-तीन ओळी सतत फिरत राहतात. आवर्तनाला माझी हरकत नाही, आमचे अर्धे भजन आवर्तनावरच चालते. पण भजनात प्रत्येक फेरीला कोणीतरी थोडी लय वाढवतो किंवा टाळाचा बोल बदलतो, तसे येथे फारसे होत नाही. दहा माणसांच्या गर्दीत त्या एका माणसाची अनुपस्थिती झाकली जाते, आणि त्याबरोबर उरलेल्या तिघांमधला संवादही.

तिसरा बँड 'गीस', न्यूयॉर्कच्या ब्रुकलिन भागातल्या शाळकरी मित्रांचा. त्यांचा एक गिटारवादक 2023 च्या अखेरीस निघून गेला. सप्टेंबर 2025 मध्ये आलेल्या 'गेटिंग किल्ड' या त्यांच्या अल्बमचा निर्माता केनेथ ब्लूम हिपहॉपमध्ये केनी बीट्स या नावाने ओळखला जातो. 2023 च्या 'थ्री डी कंट्री'मधल्या भरगच्च गिटारीनंतर हा अल्बम ऐकला की गेलेल्या गिटारची जागा यांनी भरलेलीच नाही, असे वाटते. ती मोकळी ठेवली आणि त्या मोकळ्या जागेत मॅक्स बॅसिनचे ड्रम्स पुढे आले. 'टॅक्सेस' हे छोटेसे गाणे ऐका. बराच वेळ केवळ तालवाद्ये घुमत राहतात आणि कॅमेरॉन विंटर आपल्या त्या घोगऱ्या, झोपेतून उठल्यासारख्या आवाजात कुरकुरतो. अचानक गिटार उघडते, आणि बंद खोलीची खिडकी कोणीतरी ढकलल्यासारखे होते. दोन गिटारी पहिल्यापासून वाजत असत्या तर हा क्षण साधलाच नसता. विंटरचा आवाज सर्वांना मानवेल असे नाही. मला स्वतःला तो पहिल्या दिवशी असह्य वाटला होता, आणि पहिल्याच गाण्यातले गाडीतल्या बाँबविषयीचे त्याचे किंचाळणे ऐकून घरातल्या मंडळींनी मला हेडफोन लावण्याची विनंती केली. आठवड्याभराने मात्र मीच स्वयंपाक करताना त्याची नक्कल करू लागले होते.

कोणी गेले नाही तरी बँड बदलू शकतो, याचे उदाहरण डब्लिनचा 'फाँटेन्स डी.सी.'. ऑगस्ट 2024 मधल्या 'रोमान्स' या चौथ्या अल्बमच्या वेळी त्यांनी लेबलही बदलले आणि निर्माताही. नवा निर्माता जेम्स फोर्ड, म्हणजे पुढे 'फॉरएव्हर हाउलाँग' करणाराच. दोन्ही अल्बमवरची चकाकी त्याच्या हातची असावी, असा माझा संशय आहे. 'स्टारबर्स्टर' या गाण्यात ओळी-ओळींमध्ये गायक ग्रियन चॅटन याने घेतलेला धापेचा श्वास ऐकू येतो. लंडनच्या सेंट पँक्रस स्टेशनवर त्याला भीतीचा झटका आला होता, त्यातून हे गाणे आले. श्वास हाच ठेका झाला आहे, आणि ते मला फार आवडते. उरलेल्या अल्बमविषयी मी तितकी उत्साही नाही.

आपल्याकडचे नाव हवे असेल तर दिल्लीच्या 'पीटर कॅट रेकॉर्डिंग कंपनी'चा ऑगस्ट 2024 मध्ये आलेला 'बेटा' अवश्य ऐकावा. लाडाने हाक मारण्याचा 'बेटा' आणि सॉफ्टवेअरची कच्ची आवृत्ती, असे दोन्ही अर्थ त्या नावात ऐकू येतात. 2019 च्या 'बिस्मिल्लाह'नंतर पाच वर्षांनी आलेला हा अल्बम एकमेकांची सवय असलेल्या माणसांचा आहे. सूर्यकांत साहनी आळसावल्यासारखा गात असतो, आणि ट्रंपेट त्याच्या ओळीत नेमके कधी शिरणार हे बाकीच्यांना न बघता ठाऊक आहे, असे वाटत राहते. इंग्रजी गाण्यांचा भारतीय बँड म्हटले की ज्यांचे नाक मुरडते, त्यांनी 'सडनली' या गाण्यापासून सुरुवात करावी.

आपल्या मित्राला ऐकवायचेच असेल तर क्रम असा ठेवा: आधी 'टॅक्सेस', मग 'इन्कॉम्प्रिहेन्सिबल', आणि त्याला कंटाळा आलेला नसेल तरच 'स्नो ग्लोब्स'. हे शेवटचे गाणे मात्र मोबाइलच्या स्पीकरवर लावू नका, कारण त्यावर केवळ ड्रम्सचा गोंधळ ऐकू येतो आणि त्याखाली शेवटपर्यंत न डगमगता चाललेले व्हायोलिन अजिबात ऐकू येत नाही.