कोठ्यातली यझदी बाहेर काढताना

भाऊ, फोटो पाहिले. कुटारात अर्धी गाडलेली यझदी रोडकिंग मोटरसायकल पाहून जीव हरखला. यझदी बनवणारा मैसूरचा कारखाना 1996 मध्ये बंद पडला, म्हणून आजोबांची गाडी जपूनच उघड.

सगळ्यात आधी, किक मारू नको. स्पार्क प्लग काढ, सिलिंडरमध्ये चमचाभर टू-टी ऑइल (टू-स्ट्रोक इंजिनचं तेल) सोड, रात्रभर राहू दे. सकाळी किक हातानं हळूहळू दाब. अडली तर थांब. माझ्या पहिल्या गाडीची पिस्टनवरची रिंग गंजून चिकटली होती. मी किकवर उभा राहिलो, रिंग तुटली आणि सिलिंडरवर नखाला लागेल एवढा खोल ओरखडा पडला.

नंतर हे बघ:

- टाकीतलं जुनं पेट्रोल फेक, गंज धू. तो कार्बोरेटरमध्ये जातो.
- एअर फिल्टर उघड. उंदीर घर करतातच, माझ्या गाडीत मूठभर सरकी निघाली.
- पेट्रोलमध्ये टू-टी मिसळल्याशिवाय इंजिन चालू करू नको. नवे लोक इथंच चुकतात. गिअरबॉक्समध्ये तेल भरलं की झालं, असं वाटतं; पण पिस्टन आणि क्रँकच्या बेअरिंगला तेल पेट्रोलातूनच मिळतं.

रंगाची घाई नको. नागपूरच्या मेळाव्यात नेशील तेव्हा लोक आवाजच ऐकायला थांबतील. आणि इंजिन नंबरवर पॉलिश पेपर अजिबात फिरवू नको, आरसी बुकाशी तोच जुळवतात.

ठिणगीचं टायमिंग, कार्बोरेटरचे जेट सध्या राहू दे. किक मोकळी फिरली की कळव.