नववीच्या पहिल्या सेमिस्टरला डी आली, आता चांगलं कॉलेज विसरायचं का?

अमेरिकेतल्या शाळांच्या पहिल्या सेमिस्टरच्या ग्रेड लागल्या की जानेवारीत हा प्रश्न माझ्याकडे हमखास येतो. मूल नववीत, म्हणजे हायस्कूलच्या पहिल्याच सहामाहीत घसरलेलं असतं आणि आईवडिलांनी मनातल्या मनात सगळ्या मोठ्या विद्यापीठांवर काट मारलेली असते. माझं उत्तर असं, की काट मारायची घाई नको, पण 'काही फरक पडत नाही' असंही कुणी सांगितलं तर ऐकू नका. फरक पडतो. किती पडतो, हे ते सेमिस्टर कोणतं कॉलेज कसं वाचतं यावर ठरतं.

एका मुलीची गोष्ट सांगते. ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत.

कुटुंब जुलैत पुण्याहून कॅलिफोर्नियात आलं आणि ऑगस्टमध्ये मुलगी थेट नववीत बसली. डिसेंबरअखेर ग्रेड आल्या (ए सगळ्यांत वरची, मग बी, सी, डी): एक बी, चार सी आणि भूमितीत डी. वडिलांना बाकीच्या ग्रेड दिसतच नव्हत्या. "ताई, गणितात डी? आमच्या घरात?" एवढंच ते पुन्हा पुन्हा म्हणत होते.

मी मुलीला शाळेचं पोर्टल उघडायला सांगितलं. भूमितीच्या टेस्टमध्ये तिला चांगले गुण होते. होमवर्कच्या रकान्यात मात्र शून्यांची रांग. इतर विषयांतही तेच. पुण्यात ती वर्षभर निवांत राहून परीक्षेच्या तोंडावर रात्रीचा दिवस करायची आणि ते चालून जायचं. इथे ग्रेड रोज थोडीथोडी बनते. चार कामांना प्रत्येकी ९० मिळाले आणि पाचवं दिलंच नाही, तर त्या शून्यामुळे सरासरी ७२ वर येते. विषय उत्तम येणारी मुलगी कागदावर सी ग्रेडची ठरते. हे तिला कुणी सांगितलंच नव्हतं, आणि पोर्टलचं पालकांचं लॉगिन घरात कुणी एकदाही वापरलं नव्हतं.

वडील योजना घेऊनच आले होते. पुढच्या वर्षी तीन एपी विषय (हायस्कूलमध्येच शिकवले जाणारे कॉलेजच्या पातळीचे विषय), शनिवारी एसएटी या कॉलेजप्रवेशाच्या परीक्षेचा क्लास, रविवारी गणिताची शिकवणी. नुकसान भरून काढायचं म्हणून. मला विचाराल तर खराब सेमिस्टरपेक्षा हा उपाय जास्त धोक्याचा असतो. जे मूल सहा साध्या विषयांचं काम वेळेवर देऊ शकत नाही, त्याच्यावर कॉलेजच्या पातळीचे तीन विषय लादले की दुसरंही सेमिस्टर जातं, आणि मग अर्ज वाचणाऱ्याला तो अपघात वाटत नाही. आम्ही ठरवलं ते फारच साधं होतं. रोज झोपण्याआधी पोर्टल बघायचं, राहिलेलं काम त्याच आठवड्यात शिक्षकांना भेटून निस्तरायचं. एपी दहावीत एक, तो नीट जमला तर अकरावीत तीन. कॉलेजं ग्रेडबरोबर विषय किती अवघड घेतले तेही बघतात, पण चढ पायरीपायरीने असला तरी त्यांना चालतो.

डीचा प्रश्न वेगळा होता. यूसी, म्हणजे युनिव्हर्सिटी ऑफ कॅलिफोर्निया, ठरावीक 'ए ते जी' विषय मागते आणि त्यांत किमान सी लागते. गणितात आणि परभाषेत एक सोय आहे: पुढच्या सेमिस्टरला किंवा वरच्या वर्गात सी किंवा त्याहून चांगली ग्रेड आली, की आधीची डी त्या अटीपुरती भरून निघते. हिला दुसऱ्या सेमिस्टरला भूमितीत बी मिळाली, विषय तिथेच मिटला. हीच डी इंग्रजीत किंवा इतिहासात असती तर तेवढा भाग पुन्हा करावा लागला असता. त्यामुळे डी दिसली की रडारड नंतर, आधी शाळेच्या काउन्सेलरकडे जाऊन हे तपासा.

आता आकडे. अकरावी संपेपर्यंत पुढच्या पाच सेमिस्टरांत तिला २६ ए आणि ४ बी मिळाल्या. ए चे ४, बी चे ३, सी चे २, डी चा १ असे गुण धरून आणि एपीचे जादा गुण न धरता त्या पाचांची सरासरी ३.८७. पहिलं सेमिस्टर मिळवलं की सगळ्याची सरासरी ३.५६. यूसी मात्र सरासरी काढताना फक्त दहावी आणि अकरावी धरते, म्हणजे नववीनंतरच्या उन्हाळ्यापासून अकरावीनंतरच्या उन्हाळ्यापर्यंतचे विषय. तिच्या चारपैकी दोन बी नववीतल्याच होत्या. त्यामुळे यूसीच्या हिशोबाने ती ३.९२ ची विद्यार्थिनी होती. नववीच्या ग्रेड तिथेही अर्जात भराव्या लागतात आणि वाचणाऱ्याला दिसतात, पण सरासरीत येत नाहीत. हे गणित मांडून दाखवलं तेव्हा आई पहिल्यांदा खुर्चीत मागे टेकून बसल्या.

खाजगी विद्यापीठांत असं सरसकट सूत्र नाही. बहुतेक ठिकाणी चारही वर्षांचं ट्रान्सक्रिप्ट, म्हणजे ग्रेडचा अधिकृत उतारा, समोर ठेवून वाचतात, आणि वाचणाऱ्याला चढती रेघ दिसते तशी तिची सुरुवातही दिसते. टेक्सासमध्ये चित्र आणखी वेगळं आहे. तिथल्या मुलांना वर्गातल्या क्रमांकावर सरकारी विद्यापीठांत आपोआप प्रवेश मिळतो, आणि ऑस्टिनच्या विद्यापीठासाठी २०२६ च्या प्रवेशांपासून ही मर्यादा वरच्या ५ टक्क्यांवर आली आहे. इतक्या अरुंद दारात नववीचं एक सेमिस्टरही महाग पडू शकतं. म्हणून दुसऱ्या राज्यातल्या मावसभावाचं काय झालं यावरून आपल्या मुलीचा अंदाज बांधू नका. व्हॉट्सॲप ग्रुपवर नेमकं तेच चालतं.

बारावीच्या सुरुवातीला खरी खडाजंगी झाली, ती निबंधावरून. कॉमन ॲप, म्हणजे अनेक कॉलेजांना चालणारा एकच सामाईक अर्ज, त्याचा मुख्य निबंध जास्तीत जास्त ६५० शब्दांचा असतो आणि मुलीने तो सगळा त्या डीवर खर्च केला होता. वाईट नव्हता. पण वाचून संपल्यावर तिच्याबद्दल एकच गोष्ट लक्षात राहत होती, आणि नेमकी तीच आम्हाला मागे टाकायची होती. या मुलीने सोसायटीतल्या आजीआजोबांना फोन-बँकिंग शिकवायचा दर आठवड्याचा उद्योग चालवला होता आणि ते निबंधात कुठेच नव्हतं. तो निबंध मी बाजूला ठेवायला लावला.

वडिलांचा सल्ला निराळा होता. आजी गेल्या ते कारण लिहावं. आजी गेल्या होत्या खऱ्या, पण त्या सेमिस्टरनंतर वर्षभराने. मी स्पष्ट नाही म्हटलं. एक तर ते खोटं, आणि शाळेच्या काउन्सेलरच्या शिफारसपत्रात वेगळंच आलं तर आहे तेवढा विश्वासही जातो. शिवाय कारण फार मोठं असावं लागतं हा गैरसमज आहे. ते खरं असावं आणि त्यानंतर काय बदललं ते कागदावर दिसावं, एवढं पुरतं.

शेवटी अर्जातल्या 'अधिक माहिती'च्या चौकटीत तिने लिहिलं त्याचा मथितार्थ असा: नववी सुरू होण्याच्या महिनाभर आधी मी भारतातून आले. पहिल्या सेमिस्टरला रोजचं काम वेळेवर दिलं नाही, कारण ग्रेडमध्ये त्याचं वजन किती हे मला समजलं नव्हतं. जानेवारीपासून मी शिक्षकांना नियमित भेटू लागले. त्यानंतरच्या ग्रेड सोबत आहेत. बस. ना रडगाणं, ना 'या अनुभवाने मला घडवलं'. स्थलांतराचा उल्लेख शाळेच्या काउन्सेलरनेही पत्रात केला, कारण मुलीने तो त्यांना आधीच लिहून दिला होता. एकेका काउन्सेलरकडे कित्येकशे मुलं असतात, आपण सांगितल्याशिवाय त्यांना आठवेल अशी अपेक्षा ठेवू नये. यूसी सहसा शिफारसपत्रं घेत नाही. तिथे हाच मजकूर अर्जातल्या शेऱ्याच्या जागेत गेला.

निकाल: यूसीच्या दोन कॅम्पसचा होकार, एका खाजगी विद्यापीठाची वेटलिस्ट, अतिशय चुरशीच्या दोन ठिकाणी नकार. आईंनी विचारलं, तो नकार डीमुळेच ना? कॉलेजं कारण कळवत नाहीत, आणि त्या दोन ठिकाणी सगळ्या ए असलेल्या मुलांनाही ढिगाने नकार जातात. माझा अंदाज, यादीतल्या वरच्या टोकाला त्या सेमिस्टरची किंमत थोडीफार मोजावी लागली असणार, बाकी ठिकाणी नाही.

हे सगळं नववीच्या घसरणीबद्दल झालं. घसरण अकरावीतली असेल तर माझा सल्ला बदलतो. मग नोव्हेंबरच्या अर्ली अर्जाची घाई नको. जानेवारीच्या आसपासच्या रेग्युलर मुदतीत अर्ज केला तर बारावीच्या पहिल्या सेमिस्टरच्या ग्रेडही मिड-इयर रिपोर्टमधून कॉलेजपर्यंत पोचतात, आणि अशा मुलाकडे दाखवण्यासारखं तेवढंच असतं. आणि दोन-तीन वर्षं सलग गेली असतील तर कम्युनिटी कॉलेजमधून, म्हणजे दोन वर्षांच्या स्थानिक सरकारी कॉलेजमधून, पुढे विद्यापीठात बदली घेण्याचा रस्ता गंभीरपणे बघा. यूसीचे डेव्हिस, अर्व्हाइन, सांता बार्बरा यांसारखे सहा कॅम्पस अटी पूर्ण करणाऱ्या कॅलिफोर्नियातल्या कम्युनिटी कॉलेजच्या विद्यार्थ्यांना प्रवेशाची हमी देतात, फक्त आपली शाखा त्या हमीत बसते का ते आधी बघून घ्या. नातेवाइकांना हा रस्ता कमीपणाचा वाटतो, पण पदवीवर नाव यूसीचंच येतं.